भाताची मुदत

हा रस्ता योगिनीने आधी कागदावर काढला होता. शहापूरच्या एका भूमापकाच्या कार्यालयात ती नकाशे काढण्याचे काम करी. दिवसभर परक्यांच्या जमिनी रेषांत बांधून झाल्या की संध्याकाळी ती मागे थांबे, आणि अशाच काही संध्याकाळी तिने घरची जमीन आखली होती. जमीन धसईच्या अलीकडची, डांबरी रस्त्यापासून ओढ्याकडे सावकाश उतरत जाणारी, तिच्या वडिलांची आणि गेलेल्या चुलत्याची सामाईक. मधोमध नऊ मीटरचा रस्ता, दोन्ही अंगांना घरांचे भूखंड, तळाशी उंबराजवळ मोकळी जागा. सुट्टीपुरत्या येणाऱ्यांच्या बंगल्यांसाठी ही आखणी नव्हती. रोज मुरबाडला कामाला जाणारी आणि रात्री भावाच्या संसारातल्या एका कोपऱ्यावर पाठ टेकणारी गावचीच माणसे तिच्या डोळ्यांपुढे होती.

आराखडा मंजूर झाला, वरच्या अर्ध्या रस्त्यावर मुरूम पडला, आणि त्याच सुमारास मुरबाडच्या कारखान्यांतले काम आटत गेले. भूखंड घेऊ म्हणणारे एकेक करून गप्प झाले. खालचा अर्धा रस्ता कागदावरच राहिला. मंजुरीची मुदत संपायला आली तेव्हा अशा मंदावलेल्या भागांतल्या आराखड्यांना एकवार मुदतवाढ द्यावी असे सरकारात ठरले. अट एकच होती. नकाशातला रस्ता जमिनीवर दिसला पाहिजे. तो न दिसला तर मंजुरी रद्द, सगळे पुन्हा मोजणीपासून, आणि चुलत भाऊ कान्हाने वरच्या भूखंडावर उभे केलेले काळ्या दगडाचे जोतेही बेकायदा.

पाहणीला साहेब उद्या यायचे होते. गणपती नुकतेच गेले होते. योगिनी दुपारच्या एस.टी.ने सापगाव मागे टाकून, मुरबाडला गाडी बदलून गावात उतरली ती थेट जमिनीकडे चालत गेली. खालच्या भागात गवत माजले असेल, उद्या सकाळी जेसीबी येऊन ते खरवडेल आणि वर मुरूम पसरेल, असा तिचा हिशोब होता.

मुरूम जिथे संपत होता तिथे भात सुरू होत होते.

ते आपोआप उगवलेले नव्हते. रोपांची चूड चूड हाताने लावलेले, कमरेइतके, गर्द, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत वाऱ्याबरोबर एकाच अंगावर कलणारे. तिने दोन रेषांमध्ये जी जागा कोरी सोडली होती ती कुणीतरी आपल्या लिपीत भरून काढली होती. तिने वाकून भाताचे एक ताट बोटांत धरून पाहिले. पानाच्या वेष्टनात ताट फुगले होते, लोंबी आत होती, बाहेर यायची होती. भात पोटरीत होते. तिच्या घरात अशा भाताला गरोदर म्हणत, आणि त्याला विळा लावणे तर दूरच, विळा घेऊन त्याच्या बांधावरून जाणेही बरे मानीत नसत.

कान्हा जोत्यावर बसून तिच्याकडेच पाहत होता. "आल्या शहापूरच्या मॅडम," तो म्हणाला. "चहा सांगू?"

"हे कुणी लावलं?"

"कोन लावनार? आयनं."

"आणि तू काय केलंस?"

"चिखल करून दिला." कान्हाने नजर ओढ्याकडे वळवली. "ती बोलली, एवढ्या सालचंच लावते. मना वाटलं, तुला सांगितलं आसंल तिनं."

"तुला तसं वाटलं नाही. तसं धरून चालणं तुला सोयीचं होतं."

"आता ते पन खरं हाय." तो उठला, पँट झटकली. "पन उद्या जेसीबी येतोय ना? मग झालं. आय सकाली देवलात गेली का फिरवून टाकू."

"आणि ती परत आल्यावर?"

"तवा तू शहापूरच्या गाडीत आसशील. मलाच हितं ऱ्हायचंय."

घरी कान्हाची आई, गुणाबाई, ओटीवर चवळीच्या शेंगा मोडत बसली होती. दिराच्या मुलीला तिने लहानपणापासून अंगाखांद्यावर वाढवले होते, आणि तिच्याशी बोलताना हातातले काम थांबवण्याची तिला गरज वाटत नसे.

"काकी, रस्त्यावर भात लावलंस?"

"कंच्या रस्त्यावर? मी माज्या खाचरात लावलंय."

"ती खाचर रस्त्यात गेली. तू सही दिलीस त्याला."

"गेली म्हंजे कुटं गेली? सकाली बगितली, हितंच हाय."

आत माजघराच्या दाराशी योगिनीचे वडील, कुंडलिक, पान लावत होते. "तुजा रस्ता, तुजी काकी," ते न विचारताच म्हणाले. "मी मधी येनार नाय."

"काकी, उद्या साहेबाला रस्ता दिसला नाही तर मुदत मिळणार नाही. कान्हाचं जोतं पाडावं लागेल."

"कलतंय मना. येडी नाय मी." गुणाबाईने एक शेंग उन्हाकडे धरून कीड पाहिली. "तू रस्ता करते बोललीस, मी सोडली जागा. केलास का? दोन पावसाले ती उघडी पडून व्हती. घरात सून आनायची नि तिला चूल दाखवायची नाय, तसं झालं ते. मग लावलं मी. आता ती पोटरीत हाय. कापायची आसंल तर तू काप. मी विला लावनार नाय नि कान्हाला लावू देनार नाय."

"दसऱ्यापर्यंत साहेब थांबणार नाहीत."

"तू सायबाकडं मुदतच मागतेस ना? टायमात नाय झालं, पन व्हईल, थोडं थांबा, आसंच लिवलंयस ना?" शेंगा सुपात पडत राहिल्या. "तेच ती तुज्याकडं मागतेय."

अर्ज योगिनीनेच लिहिला होता, आणि कार्यालयीन भाषेची सगळी घडीव वस्त्रे उतरवली तर त्यात याहून वेगळे काही नव्हते. परिस्थिती प्रतिकूल होती, काम सोडलेले नाही, वेळ द्यावा. ओढ्यापलीकडचा डोंगर तेवढ्यात जांभळा झाला होता, आणि तिच्या मनात मात्र एक जागा हळूहळू उजळत होती, जशी ढगांची सावली शेतावरून सरकताना मागचा बांध उजळतो. आपल्याला नको असलेला निर्णय आपण घेऊन टाकला आहे हे तिला रात्रीच्या जेवणाआधीच कळले. फक्त तो कसा पार पाडायचा, एवढेच शोधायचे राहिले होते.

सकाळी राघो जेसीबी घेऊन आला. मुरुमाचे दोन ढीग वरच्या रस्त्याकडेला पडले. गुणाबाई देवळात गेलीच नाही. ती भातात उभी राहून तण उपटत होती, आणि यंत्राच्या धडधडीकडे तिची पाठ होती.

"म्याडम, कुटून धरू?" राघोने वरून विचारले.

"वरून धर. जुना मुरूम सारखा कर, नवा त्यावर पसर, दाब. भातापासून हातभर अलीकडे थांब."

राघोने कान्हाकडे पाहिले. कान्हा तिच्याजवळ आला, आवाज दाबून म्हणाला, "आनी खालचं?"

"खालचं उभं राहील."

"म्हंजे मुदत गेली."

"मुदत कुठे जाते ते मला बघू दे. तू मुरुमावर पाणी मार, धूळ बसेल."

साहेब ऊन चढल्यावर जीपने आले. नगररचना खात्यातले रचना सहायक हनुमान गुट्टे, मूळचे मराठवाड्यातले, ठाण्याच्या कार्यालयात नवे, चेहऱ्यावर सगळे तालुके एकट्याने पालथे घालणाऱ्याचा थकवा. दाबलेल्या मुरुमावरून ते समाधानाने चालत आले, आणि हिरव्या भिंतीपाशी थबकले.

"रस्ता इथंच संपला की तुमचा."

"हो, सर."

"नकाशात तर ओढ्यापर्यंत गेलाय."

"नकाशात गेलाय. जमिनीवर भात आहे. आमच्याच घरचं आहे, अतिक्रमण नाही."

"मग कापून घ्यायचं ना. आठ दिवस आधी कळवलं होतं तुम्हाला."

"पोटरीत आहे."

गुट्ट्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा चढवला. "आमच्याकडं ज्वारी पोटऱ्यात आली की आज्जी वावरात भांडू देत नव्हती कुणाला," ते म्हणाले. मग जणू स्वतःलाच आवरत, "पण बाई, मला फोटो पाठवावा लागतो. भाताचा फोटो लावून खाली रस्ता लिहिलं तर माझी नोकरी जाईल."

"तसं लिहा असं मी म्हणत नाही."

तिने जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि पिशवीतून लाल पेन काढले. मुरूम जिथे संपत होता, नेमक्या तिथे, रस्त्यावर आडवी एक रेषा तिने एका दमात ओढली.

"मी अर्ज बदलते. रेषेच्या वर पहिला टप्पा. तिथे रस्ता पूर्ण आहे, एक जोतं उभं आहे. मुदतवाढ तेवढ्याच भागाला मागते."

"टप्पा पाडता येतो," गुट्टे नकाशावर वाकले. "अर्जदारानं स्वतः मागितला तर. पण एक सांगा. मोकळी जागा तर सगळी खाली राहिली तुमची. वरच्या टप्प्याला स्वतःची मोकळी जागा लागते."

हे तिने रात्रीच पाहून ठेवले होते. "डांबरी रस्त्यालगतचा हा पहिला भूखंड मोकळा सोडते."

कान्हाच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. "ताई, त्योच तर पयला जानार व्हता. समद्यांचा डोला त्याच्यावर."

"कुणाचा डोळा? दोन वर्षांत आला कुणी?" योगिनी नकाशावरून नजर न उचलता म्हणाली. "तुझ्या पोरांना खेळायला पुढ्यात जागा होईल. आधी लग्न कर म्हणजे झालं."

राघो हसला. कान्हाने हसायचे नाकारले, पण नकाशाच्या कोपऱ्यावरून घसरणारा दगड त्याने नीट सरकवून ठेवला.

"आणि रेषेच्या खालचं?" गुट्ट्यांनी विचारले. "त्याची मंजुरी संपते. पुढं हवं असेल तर पुन्हा मोजणी, पुन्हा अर्ज, सगळं नव्यानं. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. नकाशा मीच काढणार आहे."

"खाली कुणाचे भूखंड आहेत?"

"बरेचसे न विकलेले. हा शेवटचा, उंबराजवळचा, माझा."

ते बोलताना तिला ती खिडकी दिसली, जी तिने कुठल्याच नकाशात काढली नव्हती. ओढ्याकडे तोंड केलेली, तिच्या उंचीची, पलीकडच्या भिंतीला छतापर्यंत पुस्तके. शहापूरच्या भाड्याच्या खोलीत, वरच्या मजल्यावरच्या पायांचे आवाज ऐकत, किती वर्षे तिने त्या खिडकीला पडदा लावला होता आणि काढला होता. आता ती खिडकी लाल रेषेच्या चुकीच्या बाजूला होती. दुखले, आणि दुखणे स्वच्छ होते. त्यात पश्चात्तापाचा गाळ नव्हता.

गुट्ट्यांनी घड्याळात पाहिले. "तासभर थांबू शकतो मी," ते हलकेच म्हणाले. "विचार करा."

"विचार झालाय, सर. तुम्ही फोटो काढा."

त्यांनी फोटो काढले. जोत्याचा, मुरुमाचा, दोन्ही कडांच्या हद्दीच्या दगडांचा, आणि सगळ्यांत शेवटी त्या रस्त्याचा, जो सरळ येऊन हिरव्यात थांबत होता. बदललेल्या अर्जावर कुंडलिकांनी न वाचता सही केली. गुणाबाईला कान्हाने बांधावरून हाक मारली तेव्हा ती चिखलाच्या पायांनी तशीच आली, तिने आपले नाव सावकाश, अक्षर अक्षर जुळवत लिहिले, आणि साहेबांना विचारले, "तुमच्याकडं भात व्हतं का?"

"नाही मावशी. ज्वारी."

"मग पोट कसं भरतं?"

"भाकरीनं," गुट्टे म्हणाले, आणि आल्यापासून प्रथमच मोकळे हसले. शिफारस आजच पाठवतो, वरून काही अडणार नाही, असे सांगून ते जीपमध्ये बसले. राघोही जेसीबी घेऊन गेला. मुरुमावर मारलेले पाणी उन्हात सुकू लागले होते.

गुणाबाई तिथेच उभी होती. पदराने हात पुसत तिने विचारले, "काय झालं शेवटी?"

"वरच्याला मुदत मिळेल. कान्हाचं घर होईल. खालचं पुन्हा पहिल्यापासून."

"तुजा पलाट?"

"खाली."

गुणाबाई हनुवटीने उंबराकडे खूण करत म्हणाली, "तुज्या पलाटात पन लावलंय मी."

योगिनीला आधी कळलेच नाही. मग ती इतकी हसली की कान्हा जोत्यावरून वळून पाहू लागला. "मला न विचारता?"

"तू व्हतीस कुटं इचारायला? झिनी लावलीय, वासाचं भात. तिला मी हात लावनार नाय. ती तुजी. रजा काड नि कापायला ये."

"येईन. पण कापणी झाली की त्याच दिवशी फीत धरून मोजणार, काकी. खाली आता लावणी नाही, आखणी."

"मोज की. कोन नको बोलतंय?" गुणाबाई बांधावर उतरली. "पन आदी विला धरायला शीक परत. शहापूरला जाऊन हात निसता कागदाचा झालाय तुजा."

"पेन धरते तसाच धरीन."

"मग कापलंस तू," गुणाबाई म्हणाली, आणि चपला हातात घेऊन मागून येणाऱ्या पुतणीसाठी तिने बांधावर जागा करून दिली.