निचरागुरू आणि उजवा पाय

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आलेल्या प्रत्येकाला नेमका पायच पुढे करायचा होता. कारण निचरागुरू कुठलाही रोग तळपायातूनच बाहेर काढत. मधुमेह असो, मूतखडा असो की सुनेचा तापट स्वभाव, वाट एकच.

"शरीर म्हणजे काय? गाळणी!" गुरू माइकमध्ये गरजले. "वरून घाण येते, खालून निचरा होतो. हे डॉक्टर काय करतात? गाळणीला सुया टोचून भोकं पाडतात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"गाळणीला भोकं आधीच असतात," रांगेतले बूटवाले पुटपुटले.

"अहो, गप्प बसा," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "इथं तरी जीभ आवरा."

बूटवाल्यांचं चपलाबुटांचं दुकान होतं. उभा जन्म दुसऱ्यांचे तळपाय बघण्यात गेला, स्वतःचा कधी बघितला नाही. डाव्या टाचेवर काळा डाग दिसला, तेव्हा पॉलिश लागलं असेल म्हणून ते महिनाभर फडक्यानं घासत राहिले. मग बायकोनं घासणीचा दगड घेतला. डागातून रक्त यायला लागलं, तेव्हा कुठं दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. तपासणीत निघाला मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग. "उन्हात कोण जातं? मी तर सावलीत बसून धंदा करतो," बूटवाले म्हणाले होते, जणू त्यानं रोग परत जाणार होता. बाईंनी डाग कापून काढला, टाच भरून आली. पण रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

"एक नवीन औषध आहे," बाई म्हणाल्या होत्या. "सलाइनमधून देतात. शरीराचीच राखणदार फौज जागी करतं."

"बरा होईन?"

"कदाचित. काहींना उत्तम लागू पडतं, काहींना नाही. त्रासही होऊ शकतो. पण सुरुवात लवकर करायला हवी."

त्या 'कदाचित'नं बायकोची झोप उडाली. तेवढ्यात विमा विकणारा मेहुणा धावून आला. "भावोजी, डॉक्टर कदाचित म्हणतात, गुरू नक्की म्हणतात. सरळ हिशेब आहे!" बुडत्याला काडीचा आधार. सोमवारी सलाइन सुरू व्हायचं होतं आणि रविवारी तिघं इथं उभे होते.

पद्धत साधी होती. मदतनीस तळपायावर 'संस्कारित पाणी' ओतायचा. गुरू लांब चिमट्यानं एक पिवळट फडकं उचलून ओल्या तळपायाला चिकटवायचे आणि डोळे मिटायचे. पाहता पाहता फडकं काळंकुट्ट!

"हात लावू नका!" गुरू ओरडायचे. "दुसऱ्याचा रोग अंगात शिरेल!"

बूटवाल्यांची पाळी आली. ते खुर्चीवर बसले, बूट काढला, पाय पुढे केला. पाणी पडलं, फडकं चिकटलं आणि काळं झालं, आधीच्या कुणाहीपेक्षा काळं.

"टाचेचा कर्करोग!" मेहुण्यानं आधीच पुरवलेली माहिती गुरूंनी माइकवर जाहीर केली. "निचरा सुरू झाला! आता तीन महिने अंगाला सुई लावायची नाही. लावलीत तर वाट बंद!"

बायको रडायलाच लागली. आणि खोटं कशाला बोला, बूटवाल्यांचेही डोळे भरून आले. सगळी टवाळी विसरून ते मनात म्हणाले, देवा, हे खरं असू दे. मग डोळे पुसून त्यांनी बूट उचलला.

हातातला बूट उजवा होता.

दुकानात मांडणीवर उजवाच बूट ठेवलेला असतो. येणारा प्रत्येकजण तोच घालून बघतो. चाळीस वर्षांच्या सवयीनं बूटवाल्यांनी उजवा पाय पुढे केला होता. धडधाकट पाय, आणि त्यातून बादलीभर कर्करोग निघाला होता!

"गुरुजी," ते सावकाश म्हणाले, "रोग डाव्या पायात आहे."

गुरूंनी माइक पुन्हा तोंडाशी धरला. "रोग चतुर असतो! तो उजवीकडे पळाला, मी तिथं पकडला!"

पुन्हा टाळ्या! बूटवाल्यांना आता मात्र राग आला. स्वतःच्या ओल्या डोळ्यांचाच जास्त आला. त्यांनी मदतनीसाच्या हातातला पाण्याचा तांब्या ओढून घेतला, खुर्चीच्या प्लॅस्टिकच्या पायावर पाणी ओतलं आणि ढिगातलं एक पिवळट फडकं त्यावर गुंडाळलं. फडकं काळं झालं.

"अरेरे," बूटवाले म्हणाले. "खुर्चीचंही काही खरं दिसत नाही."

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. गुरू फडकं हिसकावायला झेपावले, त्या ओढाताणीत चिमटा पडला, पाणी सांडलं आणि गुरूंचा ओला पंजा कोळशासारखा काळा झाला.

"आता कळलं चिमटा कशाला," बूटवाले म्हणाले. "झाडाच्या सालीच्या काढ्यात कमावलेलं कातडं ओलं असताना त्याला खिळा लागला, तर काळा डाग पडतो. माझा रोजचा वैताग आहे तो. फडकं अशाच काढ्यात भिजवून वाळवलंय आणि पाण्यात लोखंडाचा क्षार घातलाय. दोन्ही भेटले की काळं होणारच, मध्ये पाय असो की खुर्ची."

गुरू मागच्या दारानं गेले. तरी रांगेतले निम्मे लोक जागचे हलले नाहीत. "आज शक्ती कमी होती, उद्या जमेल," असं एकमेकांना समजावत होते. मेहुणा त्यांतच होता.

नवऱ्याला हाताला धरून आणलेली एक बाई तेवढी पुढे आली. "मग आता आम्ही कुठं जायचं हो?"

या प्रश्नापुढे बूटवाल्यांची सगळी ऐट उतरली. "माझ्या डॉक्टरीणबाईंकडे चला," ते म्हणाले. "त्या नक्की म्हणणार नाहीत. पण फसवणारही नाहीत."

सोमवारी सलाइन लागलं. फडक्याची हकिगत ऐकून बाई पोट धरून हसल्या. "अहो, शाई करायची जुनी कृती आहे ती!" मग गंभीर होऊन म्हणाल्या, "आपलं औषध काम करतंय का, ते बारा आठवड्यांनी स्कॅन काढून बघू. नसेल करत, तर तसं सांगेन."

बूटवाल्यांना ते वाक्य फार आवडलं. आता दुकानात कुणी चमत्काराची गोष्ट काढली की ते एवढंच सांगतात, "खरा असेल तर तपासू द्यायला घाबरणार नाही. आधी दुसरा पाय पुढे करून बघा."

पण त्या सोमवारी ते नळीतून पडणारे थेंब मोजत होते. बायकोनं विचारलं, "लागू पडेल ना हो?"

"कदाचित," ते म्हणाले.

तिनं त्यांचा हात घट्ट धरला. "चालेल," ती म्हणाली.