बरणीतले हिरवे खडे

मामांच्या सलूनमध्ये चिक्कार गर्दी होती, पण केस कापायला आलेला एकही नव्हता. सगळे जमले होते आरशापुढची बरणी बघायला. बरणीत वाटाण्याएवढे हिरवे खडे होते. मामांचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, तेव्हा काविळीवर औषध देणाऱ्या पित्तमहाराजांनी निजताना वाटीभर तेल आणि लिंबाचा रस पाजला. सकाळी हे खडे पडले. "यकृत आता आरशासारखं लख्ख," महाराज म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. डोळे पिवळेच होते. पण त्यांच्याकडे कोण बघतो? बरणी जास्त देखणी होती.

मामी मात्र त्यांना दवाखान्यात न्यायच्या हट्टालाच पेटली. रोज दुसऱ्यांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारे आमचे मामा सुईला घाबरतात. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, सुरी नाही, सुई नाही. एमआरआयच्या बोगद्यात पडायचं आणि सांगू तेव्हा श्वास रोखायचा.

फोटोत पित्ताची नळी फांद्यांसकट दिसली. एका जागी ती दोऱ्याने आवळल्यासारखी बारीक होती. मागे पित्त तुंबून यकृत सुजलं होतं. खडा एकही नव्हता.

"म्हणजे महाराजांनी सगळे काढले की," मामा खुशीत म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

"इथून मोहरी जाताना अडेल," डॉक्टरीणबाई त्या बारीक जागेवर बोट ठेवून म्हणाल्या. "मग वाटाणा कसा गेला?"

प्यायलेल्या तेलाचेच पोटात असे साबणासारखे गोळे होतात, हे बाईंनी सांगितलं. महाराज निजताना पाजायचे तेच सकाळी चमत्कार म्हणून दाखवायचे.

मामीने दुकानात येऊन एक खडा दाढीच्या गरम पाण्यात टाकला. खरा खडा कशाला वितळेल? हा लोण्यासारखा विरघळला आणि वर तेलाचा तवंग आला. बघे हळूच पांगले.

मग दुर्बिणीतून मामांची नळी रुंद केली. अजून रखडलो असतो तर यकृत कायमचं निबर झालं असतं, असं बाई म्हणाल्या. ते ऐकून मामी पहिल्यांदा रडली.

पुढे महाराज दाढीला आले. "विश्वास उडाला वाटतं आमच्यावरचा?"

"नाही हो," मामा साबण लावत म्हणाले, "फक्त आता आधी फोटो काढतो, मग विश्वास ठेवतो."

तुम्हीही तेच करा. माणसाचे डोळे पिवळे दिसले, तर बरणीकडे बघू नका. डोळ्यांकडे बघा आणि त्याला दवाखान्यात न्या.