सतरा नंबरचा चिखल

लव्हॉन कुबिचेकचा माणसांवरचा विश्वास पस्तिशीतच उडाला होता, आणि तिनं तो परत बोलावलाही नव्हता. दुकानातली अंडी डझनाला बाराच आहेत ना, हे ती मोजून बघे. म्हणूनच अमेरिकेत आयोवातल्या मोटारशर्यतींच्या मातीच्या ट्रॅकवरचा वजनकाटा एकोणीस वर्षं तिच्या ताब्यात होता. शर्यत संपली की गाड्या अंगावरच्या चिखलासकट काट्यावर येत. ड्रायव्हर धरून चोवीसशे पन्नास पौंड भरले नाहीत, तर जिंकलेली शर्यत गेली. हलकी गाडी जोरात पळते, हे शेंबडं पोरही जाणतं.

यंदा तिचा डोळा स्कॅग्जवर होता. शर्यतींना मान्यता देणाऱ्या संघटनेचा हा तपासनीस तीन शनिवार आला आणि तिन्ही वेळा सतरा नंबरच्या गाडीपाशीच घुटमळला. ती गाडी चालवत होता लव्हॉनचा मुलगा कोल्बी, आणि तिन्ही शर्यती त्यानंच मारल्या होत्या.

"बाई, जरा चिखल खरवडून तोलू या का?"

"तुमच्याच पुस्तकात लिहिलंय, गाडी येईल तशी तोलायची. का आमच्या पोरासाठी वेगळं पुस्तक छापलंय?"

स्कॅग्जनं खिशातून वही काढून काहीतरी खरडलं, एवढंच. ती वही बघितली की लव्हॉनच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

"बाहेरच्यांना जिंकवायचंय त्याला," तिचा भाऊ मर्ल म्हणाला. ट्रॅकवर पाणी मारायचा टँकर तो चालवायचा. "माती आपली, पाणी आपलं, आणि हा कोण टिकोजीराव?"

सोमवारी मतदान होतं. ट्रॅकनं संघटनेत राहायचं, की बाहेर पडून आपले नियम आपणच करायचे? ट्रॅक चालवणाऱ्या जत्रा मंडळात सात माणसं. तीन इकडे, तीन तिकडे आणि सातवी लव्हॉन. आपलं मत 'बाहेर' असं तिनं गावभर सांगून टाकलं होतं.

रविवारी सकाळी अंगणात कोल्बी गाडी धूत होता. यंदा ट्रॅक रबरबीत असायचा, त्यामुळे चिखलाची ढेकळंच्या ढेकळं पडत होती. त्यातलं एक उचलताना लव्हॉनला गाडीच्या सांगाड्यावर दोन रिकामी भोकं दिसली. वजन भरून काढायला तिथं शिशाचा ठोकळा बसवलेला असायचा.

"इथलं शिसं कुठंय रे?"

"पुढं सरकवलंय, आई." कोल्बीनं पाण्याची नळी दुसरीकडे वळवली.

तिनं पुढं वाकून बघितलं. शिसं तिथंही नव्हतं. गाडी हलकी ठरावी म्हणून स्कॅग्जनंच ते चोरलं असणार, असं तिच्या मनात आलं आणि रात्रभर तिथंच राहिलं.

सोमवारी दुपारी ती काट्याच्या खोलीवर गेली. वाऱ्यानं दार आपटायचं म्हणून मर्लनं महिन्याभरापूर्वी दाराला लावायला एक हिरवा ठोकळा आणून दिला होता. आत शिरताना नेमका तोच पायाला लागला. शिव्या घालत तिनं खाली बघितलं, तर हिरव्या रंगाचा पापुद्रा उडाला होता आणि आत पांढरं दिसत होतं. शिसं पांढरं रंगवून त्यावर गाडीचा नंबर घालायचा, हा नियम तिला पाठ होता. तिनं किल्लीनं खरवडलं. आधी एक आला. मग सात.

काखेत कळसा नि गावाला वळसा! ज्या दारातून ती सतराचं वजन ओरडून सांगायची, तेच दार सतराच्या शिशानं धरलं होतं. आणि ट्रॅकवर टँकरामागून टँकर पाणी का ओतलं जात होतं, तेही आता कळलं. शिशाची तूट चिखल भरून काढत होता. ती तिथंच बसली आणि रडली. मर्लपेक्षा तिला स्वतःचाच राग आला होता.

संध्याकाळी मतदानाआधी जत्रेच्या हॉलात टेबलावर रूबार्बची आंबटगोड पाई कापणं चाललं होतं. लव्हॉननं पाईच्या शेजारी ठोकळा आदळला. कॉफी हिंदकळली.

"मर्ल, हे ओळखतोस?"

मर्लनं टोपी काढली. "अगं, पोरासाठी केलं. एक वर्ष जिंकला असता तर..."

"आणि पोराला माहीत होतं?"

भिंतीला टेकून उभ्या कोल्बीनं मान खाली घातली.

"लव्हॉन, घरातलं घरात मिटव," मंडळाचा अध्यक्ष आर्लो हलक्या आवाजात म्हणाला. "बाहेर पडलो की नियम आपलेच. कुणाला कळतंय?"

"म्हणूनच राहायचं. इथं जो तो कुणाचा ना कुणाचा मामा आहे. तपासायला कुणाचाच मामा नसलेला माणूस हवा. माझं मत, राहायचं. आणि हा ठोकळा संघटनेकडे जाईल."

चार विरुद्ध तीन. कोल्बीच्या तिन्ही शर्यती बाद झाल्या. टँकर दुसऱ्याकडे गेला. पोरगा आईशी कामापुरतंही बोलेना.

पुढच्या शनिवारी उजेड असतानाच पहिली शर्यत संपली. नवं शिसं बसवलेली सतरा नंबर काट्यावर आली. लव्हॉननं स्कॅग्जच्या हातातली खरवडणी घेतली आणि चाकांपासून छपरापर्यंत स्वतः चिखल काढला. कोल्बी आत बसून समोर बघत राहिला. चोवीसशे पंचावन्न भरले.

"घ्या, लिहा तुमच्या वहीत," ती म्हणाली. "माझ्या पोरावरचा तुमचा संशय खरा होता. मी उगीच तुम्हाला बोलले."

स्कॅग्जनं वही उघडून तिच्यापुढं धरली. तीन शनिवारांच्या तीन नोंदी होत्या. कोल्बीचं नाव कुठंच नव्हतं. प्रत्येक ओळीत एवढंच होतं: वजनकाटा आईच्या हातात आहे.

"पोराचं नंतर, बाई," तो म्हणाला. "मी आलो होतो तुम्हाला तपासायला."

मागं खोलीचं दार वाऱ्यानं धाडकन आपटलं. लव्हॉननं काटा सोडला आणि ती बाजूला झाली.

"तपासा," ती म्हणाली.