पांढरीची दुसरी बाजू

केतनचा फोटो आला तेव्हा मी बोंबील निवडत होते, म्हणून फोनला हात लावला नाही. केतन माझा चुलतभाऊ. गुजरातच्या किनाऱ्यावर जुनी जहाजं फोडतात, तिथून निघालेले पलंग, खुर्च्या, आरसे तो ट्रकनं मुंबईला आणतो. हात धुऊन पाहिलं, तर फोटोखाली लिहिलं होतं, ‘प्रणालीताई, ही काकांची पांढरी तर नाही? नावावर नावं रंगवलीत, वाचता येत नाही. काकीला विचार. परवापर्यंत काही उरणार नाही.’

पांढरी हे आमच्या वाडीनं ठेवलेलं नाव. जहाजाचं खरं नाव मेघवती. माणसं भरून मुंबईहून निघायचं, गोवा, कोचीन करत आफ्रिकेला जायचं. माझा बा, बाळाराम, त्यावर स्वयंपाकी होता. जाताना ते भर दुपारी दिवेआगरच्या अलीकडे, आमच्या वाडीसमोरून जायचं. परत येताना मात्र अंधार असायचा, नुसते दिवे सरकत गेलेले दिसायचे. दुपारच्या फेरीला माझी आई, वेणूबाई, दर्यात घुसलेल्या खडपाच्या टोकावर जाऊन उभी राहायची. मग जहाजाच्या वरच्या कठड्याशी एक लाल ठिपका हलायचा. ती बानं घरून नेलेली चादर. एकदा फडकायची, दोनदा फडकायची, की गायब.

या ‘दोनदा’वरून माझ्या आईबापाचं जन्मभर वाजलं.

“मी उन्हात तापलेल्या दगडावर उभी, आन तुला घटकाभर थांबवत न्हाय?” आई म्हणायची.

बा हसायचा. “चुलीवर भात असतो गो. करपंल.”

“व्हय, भातापुढं बायको कोन?”

बा शिमग्याच्या आधी गेला. त्यानंतर आई एकदा मला म्हणाली, “त्याला खरंच कठड्याशी यावंसं वाटायचं, का वाडीतल्या बाया बघतात म्हनून आपलं फडकवायचा? विचारायचं ऱ्हायलं गो.” मला असल्या बोलण्याचा राग येतो. गेलेल्या माणसाची उलटतपासणी घेऊन काय हाती लागणार? तसं मी तिला तोंडावर सांगितलंही. पण तिच्या ताटातला भात रोज थोडा थोडा उरत होता.

मी फोटो मोठा केला. ओहोटीचं पाणी लांब गेलेलं, चिखलावर धुकं, आणि त्यात ते जहाज झोपल्यासारखं टेकलेलं. पुढचा भाग कापून नेला होता. आत गुलाबी, पोपटी भिंतींच्या खोल्या एकावर एक उघड्या पडल्या होत्या. एका भिंतीला अजून आरसा होता, त्यात आभाळ दिसत होतं. खोल्यांच्या मधून जिने वर चढत गेले होते. त्या जिन्यांवरून आत्ता कुणीतरी उतरेल असं मला वाटलं.

आईनं चष्मा लावून पाहिलं. “ही न्हाय,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“पांढरीचं नाक डाव्या हाताला. हिचं उजव्या. पांढरी कदी उजवीकडं नाक करून गेलीच न्हाय.” मग जराशानं म्हणाली, “थांब, दुसऱ्या बाजूनं बघू दे.” आणि तिनं फोन उलटा केला. कव्हरावरच्या गुलाबाकडे डोळे बारीक करून बघत बसली.

मला हसू फुटलं, आणि मग अर्ध्यावरच थांबलं. आईनं खरंच या जहाजाची एकच बाजू पाहिली होती, जमिनीकडची. फोटोत होती ती जाताना दर्याकडे असायची ती बाजू, जी वाडीत कुणीच उजेडात पाहिली नव्हती.

फोनवर फोटो उलटवता येतो, आरशात दिसतो तसा. मी उलटवला. आई फोनवर वाकली.

“हीच गो. धुराडं बघ, मागं कललेलं. हीच.” तिचं बोट वरच्या कठड्यावर गेलं. “हितं उभा ऱ्हायाचा.”

मी फोटो पुन्हा सरळ केला, कारण मला दुसरंच काही शोधायचं होतं. बा सांगायचा, रसोड्याच्या, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराच्या, दाराबाहेर त्यानं गज ठोकून वलांडी केली होती. वलांडी म्हणजे बोंबील सुकवायला आपण वाळूत बांबूंची मांडतो ती. प्रवाशांना वास नको, म्हणून कप्तान ओरडायचा. कापलेल्या भागाच्या लगेच मागे, अगदी खालच्या मजल्यावर एक दार होतं. दाराबाहेर आडवा गज होता, रंगाचे थर चढून जाडजूड झालेला.

“वलांडी,” आई पुटपुटली. मग एकदम म्हणाली, “म्हंजे रसोडा ह्या अंगाला?”

“हो. दर्याच्या.”

“आन तो उभा ऱ्हायाचा त्या अंगाला. वर.”

“स्वयंपाक्यांना वर जायची बंदी होती आये. साहेब दिसला तर जिन्याखाली लपायचो, सांगायचा की.”

आईनं दारावर बोट ठेवलं आणि उघड्या जिन्यांवरून हळूहळू वर नेलं. एक मजला, दुसरा, तिसरा. मग गुलाबी खोल्यांच्या मधून पलीकडे, जिथे फोटोत काही दिसत नव्हतं. तिथून तसंच परत खाली, दारापर्यंत.

“एवढं पळत यायाचा,” ती म्हणाली. “आन मी त्याला काय काय बोलले गो.” ती रडायला लागली. मीही रडले, आणि या वेळी राग वगैरे काही आला नाही.

केतननं सांगितलेल्या ‘परवा’च्या दुपारी आई बाची ती लाल चादर काखेत मारून निघाली. मी मागोमाग गेले. समोर दर्या मोकळा होता, एक होडीसुद्धा नव्हती. खडपाच्या टोकावर तिनं चादर एकदा फडकवली, दोनदा फडकवली, घडी केली आणि वळली.

“आये, थांब की जरा.”

“न्हाय गो. चुलीवर भात ठेवलाय.”

घरी आलो तर भात खरंच करपला होता. आईनं तो दोनदा वाढून घेतला.