बाबा चार्जिंगला लावलाय

"मावशी, फोन नको घेऊ! त्यात माझा बाबा आहे!"

भिंगरी दारातच फतकल मारून बसली होती. तीन वर्षांची पोर, पण आवाज असा की खालच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून वर बघायचा. तिची आई एक पाय जिन्यात आणि एक पाय माझ्या उंबऱ्यात ठेवून उभी. तिला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामावर वेळेवर पोचायचं होतं आणि मला माझा नियम मोडायचा नव्हता.

माझ्या पाळणाघरात फोन चालत नाही. कपाटावर एक टोपली आहे, आल्या आल्या फोन त्यात जातो, मग तो कोणाचाही असो. लोक म्हणतात, मावशी जुन्या वळणाची. म्हणू देत बापडे. फोन दाखवून भरवलेलं पोर मी लांबून ओळखते. तोंड उघडतं, घास आत जातो, पण आपण भात खाल्ला की खडू, हे त्याच्या गावीही नसतं. भिंगरी आली तेव्हा तशीच होती. चित्रांचं पुस्तक दिलं की पानावरून बोट सरकवायची आणि वाघ जागचा हलत नाही म्हणून पुस्तकावरच चिडायची. एकदा खिडकीत कबुतर बसलं, तर ही काचेवर दोन बोटं ताणून त्याला मोठं करायला गेली. बाकीची पोरं खिदळली. आधी मीही हसले.

"मावशी, कार्टून नाही हो," तिची आई काकुळतीला आली. "माझा जुना फोन आहे. हिच्या बाबांची जेवणाची सुट्टी दुपारी असते, तेवढ्याच वेळात ते फोन करू शकतात. मी घरी पोचते तोवर ते परत कामावर गेलेले असतात. दुपारी ही तुमच्याकडे. मग बाप-लेकीनं बोलायचं कधी?"

बाबा दूर परदेशात वेल्डर. पोरगी रांगत होती तेव्हा गेलेला. कामाचा करार संपेपर्यंत सुट्टी नाही. हे मला माहीत होतं, पण नियम एकासाठी वाकवला की दहाजणं त्यावर पाय देतात.

"आजचा दिवस," मी म्हटलं. "आणि याला लाड समजू नकोस."

दुपारी फोन वाजला. कपाळावर हेल्मेटचा वळ उमटलेला एक दमलेला चेहरा दिसला. "जेवलीस का? शहाणी कोण आमची? पापा दे." एवढं झालं आणि बापाचे शब्द संपले. भिंगरी तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत राहिली, कार्टूनकडे बघायची अगदी तशीच.

माझ्याच्यानं राहवेना. मी मधे तोंड घातलं, "अहो भिंगरीचे बाबा, नुसते दिसू नका. दिसायला कार्टून आहेत की ढीगभर. काहीतरी करा तिच्याबरोबर."

"काय करू, मावशी? मला काय येतं?"

"खेळता येतं ना? का तेही वेल्ड करून बंद केलंत?"

बिचारा हसला. पण माणूस मनावर घेणारा निघाला. मी आणखी एक दिवस दिला, तर दुसऱ्या दिवशी हातात मोजा घालून आला आणि त्या मोज्याला बोलायला लावलं. मग एक खेळच सुरू झाला. तो म्हणायचा, "लाल काहीतरी आण," आणि तिकडे तोही शोधायला धावायचा. भिंगरी मला फोन धरायला लावून खोलीभर पळायची, कधी बादलीचं झाकण आणायची, कधी कुणाच्या तरी पायातला मोजा ओढून आणायची. एकदा दोघांनी समोरासमोर बसून मांजर काढलं. बापाचं मांजर बटाट्यासारखं झालं, त्यावर ती दिवसभर हसत होती. फोन तिला बसवून ठेवत नव्हता, उठवून पळवत होता. असा फोन मला चालणार होता. मी तो माझ्या नियमात बसवला: आधी खेळ, मग टाटा, मग फोन टोपलीत आणि मगच ताट.

टोपलीशेजारी प्लग होता. भिंगरी स्वतः वर बघून खात्री करायची आणि सगळ्यांना सांगायची, "बाबा चार्जिंगला लावलाय," आणि मुकाट्यानं जेवायला बसायची. भात चावून खायची, भाजी आवडली नाही तर नाक मुरडायची. नाक मुरडलं म्हणून मला झालेला तो आयुष्यातला पहिला आनंद.

एकदा एका आगाऊ कार्ट्यानं तिला चिडवलं, "तुझा बाबा एवढासाच!"

ही कसली ऐकते! कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुझा बाबा वाजतो का?"

मी हसून हसून बेजार. दुपारी तिच्या बाबांना सांगितलं तर तेही खो खो हसले. मग हसू आवरलं. "मावशी, पोरीला जरा पलीकडे पाठवा," म्हणाले.

मी तिला निळं काहीतरी शोधायला धाडलं.

"करार संपतोय. पुढच्या महिन्यात येतोय मी." त्यांनी आवाज खाली आणला. "ओळखेल ना ती मला? रात्र रात्र तेवढाच विचार येतो. बाकी काही नको मला."

"न ओळखायला काय झालं?" मी म्हटलं. "रोज बघते तुम्हाला. धावत येऊन गळ्यात नाही पडली, तर नाव बदलेन मी." माझ्या जिभेला हाड नाही ते असं.

ते आले तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. विमानतळावरून थेट माझ्याकडेच आले, बायको बरोबर, खांद्यावर बॅग. दार भरून टाकणारा उंच माणूस. फोनवर ही उंची कधी दिसलीच नव्हती. चेहरा तोच, पण मीसुद्धा क्षणभर बावरले, खोटं कशाला बोलू?

"भिंगरी," ते म्हणाले आणि गुडघ्यावर बसून हात पसरले.

भिंगरी माझ्यामागे लपली.

"अगं, बाबा! बाबा आलेत!" आई म्हणाली.

भिंगरीनं मान वर करून कपाटाकडे बोट दाखवलं. "बाबा वर आहे."

"लाल काहीतरी आणतेस?" ते हळूच म्हणाले. ते ऐकून तर ती रडायलाच लागली. तिचा खेळ या परक्या माणसाला कोणी सांगितला? आईनं टोपलीतला फोन काढला, नवऱ्याच्या गालाला लावून धरला. "बघ ना राणी, हाच तो, हाच!" फोनवर नुसता काळोख. पोर आणखी किंचाळली. शेवटी आईचाही बांध फुटला. "बंद करून टाकते आता हा! बाबा नाही त्यात, काही नाही! मग तरी कळेल तिला."

"नको," ते उठून उभे राहिले. डोळे पुसायचंही भान नव्हतं त्यांना. "तिच्यासमोर तिचा बाबा बंद नको करूस."

माझी तर मान वर होईना. कसली छाती ठोकून सांगितलं होतं मी! ते बाहेर गेले. जिन्यात बसल्याचा आवाज आला. वाटलं, खचला बिचारा. तेवढ्यात आईच्या हातातला फोन वाजला.

भिंगरीनं तो हिसकावूनच घेतला. "बाबा!"

"काय चाललंय आमच्या भिंगरीचं?" तोच चेहरा, मागे माझ्या जिन्याची पोपडे उडालेली भिंत.

"इथे ना, एक काका आलाय."

"हो का? कसा आहे?"

तिनं बराच विचार केला. "मोठा आहे. त्याला पाय आहेत."

आवाज पोचला होता, हसू पोचलं होतं, बटाट्यासारखं मांजर पोचलं होतं. पाय काही पोचले नव्हते, आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"ओरडला का तुला?"

"नाही. रडतो तो."

"मग घे की त्याला खेळायला."

"तो मला उचलणार." ती फोन तोंडाशी नेऊन कुजबुजली, "तू रागावशील?"

तिची आई भिंतीला टेकून तोंडावर हात दाबून उभी होती.

"नाही गं," शेवटी आवाज आला. "मी कशाला रागवेन? दे त्याला उचलू."

"टाटा."

"टाटा, राणी."

ते आत आले आणि दारातच थांबले. या वेळी हात पसरले नाहीत, नुसते उभे राहिले. भिंगरीनं फोन आईकडे दिला, त्यांच्यासमोर गेली आणि त्या लांबलचक पायांकडून वर वर बघत गेली.

"बाबा हो म्हणाला," तिनं सांगितलं आणि दोन्ही हात वर केले.

त्यांनी तिला उचललं. असं जपून की जणू दुसऱ्या कोणाची पोर मागून घेतली आहे. वर गेल्यावर तिनं एकदा खाली जमिनीकडे बघितलं, त्यांची कॉलर घट्ट धरली आणि दुसरा हात त्यांच्या गालावर ठेवला. लगेच काढून घेतला.

"काका, टोचतंय."

"दाढी वाढलीय. उद्या करतो," ते कसेबसे म्हणाले.

तिनं आपला तळहात निरखून बघितला आणि पुन्हा त्यांच्या गालावर ठेवला.