टबाची खोळ

टब आला तो बाईंच्या पाठीसाठी. हे घरात ठाऊक होतं, गल्लीत ठाऊक होतं, आणि डॉक्टरांनी तर सरळच सांगितलं होतं, "रोज संध्याकाळी गरम पाण्यात मानेपर्यंत बसा. नुसत्या गोळ्यांनी हे जायचं नाही." उभा जन्म शिवणयंत्रावर वाकून काढल्यावर पाठीचं दुसरं काय होणार? रात्री कूस बदलायची तर बाईंना आधी मनाची तयारी करावी लागे.

त्या जन्मातलं निम्मं शिवण लोकांचं, आणि उरलेलं निम्मं नवऱ्याच्या हौसेचं. नवऱ्याला गल्लीत खोळपंत म्हणत, आणि ते काही उगाच नाही. वस्तू घरात आली की तिला खोळ हवी. टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, सोफ्याच्या चांगल्या खोळीवर रोजची खोळ. सोफ्याचा मूळ रंग कोणता यावर नवरा-बायकोत एकदा कडाक्याचं भांडण झालं, पण उघडून बघायची खोळपंतांची छाती झाली नाही. भांडण तसंच राहिलं, रंगही.

नुसता टब बसवला असता तर बाई त्याच संध्याकाळी त्यात बसल्या असत्या. पण आडवा आला साडू. बाईंच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने आपल्या टबाभोवती दगड लावला होता, काळा, तोंड दिसेल इतका गुळगुळीत. खोळपंत तो पाहून आले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दगड काय, कोणीही लावतो. आपण सागवान लावू."

सुतार म्हणाला, लावू की. तेल पाजत राहा, वापर झाला की पुसून घ्या, काही होत नाही. यातला 'वापर' तेवढा खोळपंतांच्या कानात शिरला नाही.

काम मात्र झक्क झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. समोरून उभ्या फळ्या, वर वीतभर रुंद काठ, चढायला एक पायरी. पायरी नेमकी पाणी जायच्या जाळीवर आली, पण इतक्या देखण्या पायरीपुढे जाळीचं कोण ऐकतो?

पहिल्या संध्याकाळी बाई खांद्यावर टॉवेल टाकून निघाल्या, तर दारात खोळपंत उभे.

"अगं, थांब! पॉलिश मुरू दे. आठ दिवसांनी बघू."

आठ दिवस झाले. मग हवा दमट निघाली. मग साडू एकदा येऊन बघून जाऊ दे, त्यानंतर हवं तेवढं बस. साडूला सवड होईना, आणि तोवर भिंतीवर पुठ्ठ्याची पाटी लागली, 'लाकडाला पाणी लागता कामा नये'. न्हाणीघरात! विहिरीवर पाटी लावावी की तहानलेल्यांनी येऊ नये, त्यातली गत.

बाई टबाशेजारी स्टुलावर बसून, भिंतीकडे तोंड करून, अंग चोरून बादलीभर पाण्यात आंघोळ उरकत. जाळी पायरीखाली गाडली गेल्यामुळे पाणी दाराकडे धावे. ते पुन्हा वाकून फडक्याने टिपून घ्यावं लागे. म्हणजे पाठीसाठी आणलेल्या टबाने पाठीलाच नवं काम लावलं. आणि खोळपंत रोज सकाळी चहा झाला की मऊ फडकं घेऊन काठाला तेल चोळत. हळूहळू, रेषेरेषेने, जीव लावून. एवढ्या वर्षांत बायकोच्या पाठीला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. बाईंना त्या लाकडाचा हेवा वाटू लागला. लाकडाचा हेवा करायची पाळी आली म्हणून स्वतःची लाजही वाटली, पण हेवा काही जाईना.

शेवटी एका रविवारी साडू सपत्नीक उगवले. खोळपंतांनी पाणीसुद्धा विचारलं नाही, थेट न्हाणीघरात नेलं. साडूंनी काठावर टिचकी मारली, मान तिरकी करून पाहिलं.

"वा! पण पाण्याने फुगत नाही का हो?"

"फुगेल कसं? एक थेंब पडू दिला नाही अजून," खोळपंत छाती काढून म्हणाले. त्या वेळी लाकडापेक्षा तेच जास्त फुगलेले होते.

धाकटी बहीण मात्र टबाकडे बघतच नव्हती. ती बाईंकडे बघत होती. "ताई, मग पाठीला काही उतार पडला का गं?"

"कशाने पडेल?" बाई म्हणाल्या. "मी अजून त्यात पाय टाकलेला नाही."

साडू खोकले. धाकटीने भाऊजींकडे असं पाहिलं की त्यांनी पाटीकडे नजर वळवली.

"तसं नाही," खोळपंत सावरत म्हणाले, "हिच्यासाठीच तर केलंय सगळं. फक्त काठाला एक छानशी रेक्झिनची खोळ झाली, की मग रोज बसू दे तिला. आजच माप घे गं. शिवायला तुला काय, दोन दिवसांचं काम."

बाईंनी टेप उचलली. सगळ्यांना बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

आधी त्यांनी खरंच माप घेतलं. लांबीसाठी वाकल्या, तशी कमरेतून ती ओळखीची कळ वर चढली आणि डोळ्यांत पाणी आलं. नुसतं दुखलं म्हणून नव्हे. संताप आला होता, नवऱ्याचा थोडा आणि स्वतःचा जास्त. एवढ्या खोळी शिवल्या, एकदाही नाही म्हटलं नाही! त्यांनी टेप बादलीत फेकली आणि गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला.

दारावर थाप पडली. "अगं, नळ कसला सोडलायस?"

"माप घेतेय."

"पाण्याने?"

"माणूस आत बसल्यावर कसं होतं, ते बघायला नको?"

टब काठोकाठ भरला आणि बाई त्यात उतरल्या. पाणी सागवानावरून खळखळत खाली गेलं. पाठ उबेत टेकली, आणि कितीतरी वर्षांनी मणक्यातली गाठ सैल पडू लागली. बाई मोठ्याने हुश्श म्हणाल्या. पाण्याला जाळी सापडली नाही, तेव्हा ते सवयीने दाराखालून बाहेर निघालं.

"अगं, लाकूड! माझं लाकूड!" खोळपंत ओरडले. सोफ्यावरची रोजची खोळ ओढून ते पाणी अडवायला झपकन खाली वाकले. आणि तिथेच अडकले.

"आई गं! उसण भरली! सरळ होता येईना!" मग जरा वेळाने, अगदी मऊ आवाजात, "ऐकलंस का? मला जरा त्या गरम पाण्यात बसू दे गं."

बाहेर धाकटीला हसू आवरेना. साडू खोळपंतांच्या काखेत हात घालून उभे होते, पण उचलायचं कसं ते त्यांना कळत नव्हतं.

आत बाईंनी पायाच्या अंगठ्याने नळ थोडा आणखी सोडला.

"पॉलिश मुरू द्या," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांनी बघू."