एलिसेओची लगोरी

त्या शनिवारी एलिसेओ ब्राकामोंतेने चार लगोऱ्या पाडल्या. कातळावर पायवाट उमटत नाही, म्हणून तिथे दगडावर दगड रचून वाट दाखवलेली असते. एका लगोरीपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे, हा त्या डोंगरांतला नियम. पण टूसॉन शहरातून हौसेने येणारी माणसं फोटोपुरत्या कुठेही लगोऱ्या रचून जातात. एकाहत्तराव्या वर्षीही एलिसेओ त्या खोट्या खुणा बुटाच्या टोकाने पाडी आणि दगड पांगवून टाकी.

मागून त्याची मुलगी देल्फिना चालत होती. च्योया निवडुंगाचा काटेरी गोळा तिच्या पोटरीला चिकटला, तेव्हा त्याने खिशातला कंगवा काढून गोळा झटक्यात उडवला. डोक्यावर केस नसताना कंगवा कशाला, असं वाटसरू विचारत. आशेवर जगतोय, असं तो सांगे.

खिंडीत पायवाटा दुरुस्त करणारी त्याची स्वयंसेवकांची टोळी भेटली. तिचा मुकादम ताचो लांबूनच म्हणाला, "दगड लपवा रे, एलिसेओ आलाय. नाहीतर रचून ठेवेल काहीतरी."

सगळे हसले, एलिसेओसुद्धा. देल्फिनाला हसू आलं नाही.

थट्टा सव्वीस वर्षं जुनी. देल्फिना अकरा वर्षांची असताना कोरड्या ओढ्याच्या फाट्यावर एक देखणी लगोरी उभी राहिली होती, चुकीच्या बाजूला. तिच्या भरवशावर एक म्हातारं जोडपं भर उन्हात भरकटलं. दिवस कलताना सापडलं तेव्हा दोघांच्या जिभा सुजल्या होत्या, पण जीव वाचले. चौकशीत एलिसेओने चूक आपली म्हणून सांगितलं. दोन वर्षं त्याला वाट आखू दिली नाही. कुंपणं दुरुस्त करत राहिला. तेव्हापासून नव्या माणसाला पहिला धडा 'एलिसेओच्या लगोरी'चा.

खरं काय ते बापलेकीलाच ठाऊक होतं. बाप वरच्या वळणावर पायरी बसवत असताना मुलगी खाली खेळता खेळता दगड रचत बसली होती. ही गोष्ट आपल्या दोघांत राहू दे, एवढंच तो घरी म्हणाला. लहानपणी तिला सुटल्यासारखं वाटलं. मोठेपणी त्याचं ओझं झालं.

उतरताना तिने मनाशी ठरवलं, आज बोलायचं. पण त्याने राजमा भरलेल्या टॉर्टियांची पुडी सोडली, सावलीतली जागा तिला दिली आणि पुढच्या पावसाआधी कुठे दगड बसवायचे ते सांगत बसला. पुढच्या शनिवारी बोलू, तिने ठरवलं. बुधवारी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता त्याचं हृदय थांबलं.

उन्हाळाभर ती डोंगराकडे फिरकली नाही. ऑक्टोबरात ताचोचा फोन आला. नवी माणसं शिकायला येतायत, बापाची जागा रिकामी आहे, घेशील का, असं त्याने विचारलं. ती गेली.

नऊ जण आले होते. ताचोने पहिला धडा गाळला. तिच्यासमोर तो जड गेला असावा. पण एका तरुण शिक्षिकेने कुठूनतरी ऐकलं होतं. तिने विचारलं, वाट चुकवणारा तो माणूस याच टोळीतला ना?

"याच," ताचो जमिनीकडे बघत म्हणाला. "माणूस सोन्यासारखा. एकदाच चुकला."

देल्फिनाला वाटलं, आता गप्प राहिलं तर ही गोष्ट या नऊ जणांबरोबर आणखी वीस वर्षं डोंगर चढेल. बोललं तर बापाची जागा कदाचित मिळायच्या आधीच जाईल. तिने हातमोजे काढले.

"माझे अपा चुकले नव्हते, ताचोकाका," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "ती लगोरी मी रचली होती. त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं."